चुंबक चिकटलं नाही, म्हणून मी पैसे दिले

आमची डोंबिवलीतली बिल्डिंग 1988 ची. बाथरूम साडेतीन बाय पाच, त्यात वॉशिंग मशिन. नळापाशी जायचं तर मशिन आणि भिंतीच्या फटीतून एकच हात आत जातो. गरम-थंडचे दोन्ही नळ बिल्डिंगइतकेच जुने. क्रोम उडून आतलं पिवळं पितळ दिसायचं, पण हाताला भक्कम. मार्चमध्ये दोन्ही टपकायला लागले. रात्री लावलेली बादली सकाळी अर्धी भरलेली असायची.

नेहमीचा प्लंबर गावी गेलेला. नेटवरून नंबर काढला, तासाभरात माणूस दारात. फटीतून बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "काका, स्पिंडल गेलेत, आटे पण खाल्लेत. याचे पार्ट आता मिळत नाहीत." नवे नळ त्याच्या पिशवीतच होते! खोक्यावर किंमत 1,850. मी जरा कां-कूं केली, तर त्यानं खिशातून लोहचुंबक काढून नळाला लावलं. चिकटलं नाही. "बघा, प्युअर ब्रास." आता यावर काय बोलणार?

मग, "आत दोन माणसं मावत नाहीत, तुम्ही बाहेर बसा." जागा खरंच तशी, त्यामुळे मला काही वावगं वाटलं नाही. नळांचे 3,700, अडचणीच्या जागेची म्हणून मजुरी 1,200. यूपीआय केलं, बिल मागितलं नाही. "हे भंगार तुम्हाला कशाला" म्हणत त्यानं जुने नळ पिशवीत टाकले, आणि मी वर त्याला चहा पाजला.

जुलैत थंड पाण्याचा नळ बंद करताना मानेपाशी तुटून अख्खा हातात आला. भिंतीतून धार थेट मशिनवर. मुलगा गच्चीवर कॉक बंद करायला पळाला. तुटलेली कड राखाडी, रवाळ. पिवळेपणाचा मागमूस नाही.

यावेळी आमचा जुना प्लंबर आला. त्यानं पहिल्यांदा काय केलं, तर मशिन बाहेर ओढलं. पाच मिनिटं लागली. (त्याच पाच मिनिटांसाठी मी 1,200 मोजले होते.) भिंतीत अडकलेला आट्यांचा तुकडा काढायला मात्र अर्धा तास गेला. "हे जस्त आहे," तो म्हणाला. "चुंबक पितळाला चिकटत नाही तसं जस्तालाही नाही." आणलेल्या नव्या नळाच्या आट्यांवर त्यानं कानस फिरवून दाखवली, आत पिवळं. जुन्या नळांना बहुतेक नुसते वायसर लागले असते म्हणे, दहा-दहा रुपयांचे. आणि ते दोन नळ मिळून किलोभर तरी पितळ असणार. भंगारात किलोला चारशेच्या वर भाव आहे.

पहिल्याला फोन केला. "माल कंपनीचा, मी फक्त बसवला." दुसऱ्यांदा उचललाच नाही. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार करायची म्हटलं तरी हातात काय? बिल नाही, आणि यूपीआयवर नाव भलत्याच माणसाचं.

गरम पाण्याचा नळ त्याच मालातला, अजून भिंतीतच आहे. रविवारी बदलायचाय. तोवर तो फक्त मी फिरवतो, दोन बोटांनी.