लारिसाची अप्सरा की ऱ्होड्सचा सूर्य?

समोरून पाहणारा, चांगला उठाव असलेला चेहरा प्राचीन ग्रीक चांदीच्या नाण्यांत हवा असेल, तर साचे कोरणाऱ्या किमॉनने सिसिलीतल्या सिराक्यूज शहरासाठी कोरलेली अप्सरा अरेथुसा बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची. मग पाळी येते ती ग्रीसमधल्या थेसली प्रांतातल्या लारिसा शहराच्या ड्राख्माची (ड्राख्मा म्हणजे चांदीचं ग्रीक नाणं), नाहीतर ऱ्होड्स बेटाच्या दोन ड्राख्मांच्या नाण्याची. मी दोन्ही घेतली, आधी लारिसा.

माझी सुरुवात क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांपासून झाली. नहपानाचा चेहरा कायम बाजूने. त्यामुळे नाण्यातून कुणीतरी थेट आपल्याकडे पाहतंय, याचंच मोठं अप्रूप होतं. लारिसाची अप्सरा तर अरेथुसेवरूनच घडवलेली. मान किंचित डावीकडे, केस मोकळे सुटलेले. नाण्याच्या मागच्या बाजूला चरायला मान खाली घातलेला घोडा. थेसलीच्या कुरणांतले घोडे प्रसिद्ध, आणि कोरणाऱ्याने ते जवळून पाहिले होते हे कळतं.

पण नाक! खिडकीजवळ तिरक्या उजेडात भिंग लावलं, तर घोड्याचा गुडघान् गुडघा स्वच्छ दिसतो आणि अप्सरेचं नाक सपाट, ओठ विरघळल्यासारखे. नाणं झिजलेलं म्हणावं, तर घासल्याची चकाकी कुठेच नाही. झिजला होता तो नाण्यावर छाप उठवणारा साचा. लारिसात साचे पार थकेपर्यंत वापरलेले दिसतात. विकणाऱ्याने ‘फार कमी झिजलेलं’ लिहिलं होतं, त्यात खोटं काहीच नव्हतं. तिचा चेहरा टांकसाळीतूनच तसा बाहेर पडला होता. हे एकदा दिसल्यावर माझी नजर दुसरीकडे जाईना.

ऱ्होड्सच्या नाण्यावरच्या सूर्यदेव हेलिओसचंही नाकच आधी जातं, उठावच तेवढा आहे. माझ्या नाण्यावर ते गुळगुळीत झालंय, पण डोळे आणि केसांच्या बटा शाबूत आहेत. ही झीज हातांनी झालेली आहे, आणि ती मला मुळीच खुपत नाही. मागचा गुलाब घोड्यापुढे साधा वाटतो, हे मान्य. पण ग्रीकमध्ये गुलाबाला ‘ऱ्होडॉन’ म्हणतात. इ.स.पू. 408 मध्ये लिंडोस, इयालिसोस आणि कामिरोस ही बेटावरची तीन शहरं एकत्र येऊन ऱ्होड्स हे नवं शहर उभं राहिलं, आणि त्याने आपलं नावच नाण्यावर फुलाच्या रूपात उमटवलं. हे कळल्यापासून ती बाजूही मी आवडीने पाहतो.

तुमचा अनुभव वेगळा असू शकेल. ताज्या साच्यातली लारिसा मिळाली, तर तिच्यापुढे माझा हेलिओस कदाचित फिका पडेल. फक्त तिची किंमतही तशीच असेल. एकच नाणं घ्यायचं असेल, तर मी ऱ्होड्सकडे झुकेन. आणि लारिसाच घ्यायची ठरली, तर एका बाजूने उजेड टाकून काढलेला फोटो आधी मागून घ्या. समोरून उजेड पडला की सपाट नाक लपून जातं.

माझी लारिसा मी विकलेली नाही. ट्रेमध्ये ती हेलिओसशेजारीच आहे, घोड्याची बाजू वर करून.