तीन सीबीएमचा संसार: सामान परदेशी पाठवताना आम्ही कसे फसलो

मे २०२४ मध्ये आम्ही पुण्याहून जर्मनीला, स्टुटगार्टला राहायला आलो. नवऱ्याला इथे नोकरी लागली, मी आणि आमची सात वर्षांची मुलगी त्याच्याबरोबर. सामान जहाजाने मागवलं होतं. ६०,००० रुपयांत दारात पोचेल असं सांगितलेलं ते सामान सप्टेंबरात आलं, २,१३,८०० रुपये खाऊन. त्यातल्या सहा खोक्यांमधल्या पुस्तकांना बुरशी लागली होती. तक्रार ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. पण त्यांनी हे कसं केलं ते पायरीपायरीने सांगते, कारण या वर्षात अशाच गोष्टी मी इथल्या आणखी तीन मराठी घरांमधून ऐकल्या आहेत. कंपन्या वेगळ्या, पद्धत तीच.

हॅम्बुर्ग बंदरात पैसे गेले हे खरं, पण फसवणुकीची सुरुवात कोथरूडच्या आमच्या हॉलमध्ये झाली.

एप्रिलमध्ये आम्ही तीन कंपन्यांना घर दाखवलं. पहिल्या कंपनीचा माणूस पाऊण तास टेप घेऊन फिरला, प्रत्येक वस्तूचं माप घेतलं आणि म्हणाला, "सोफा नेऊ नका, गाद्या नेऊ नका. यांच्या भाड्यात तिकडे नवीन येतील." त्याचा आकडा १,२८,००० रुपये. दुसरीचा १,१०,०००. तिसरा माणूस आला तो गोड बोलत. त्याने टेप खिशातून काढलीच नाही. सोफा आम्ही यादीतून काढलाच होता, बाकी घरावर एकदा नजर फिरवून म्हणाला, "तीन सीबीएम होईल, मॅडम. अठरा हजार एका सीबीएमला. म्हणजे चोपन्न. इन्शुरन्सचे सहा हजार. साठ हजारांत सगळं घर." सीबीएम म्हणजे घनमीटर. अख्खा कंटेनर न घेता दुसऱ्यांच्या मालाबरोबर थोडं सामान पाठवायचं असेल, तर घरगुती सामानाचं भाडं सहसा वजनावर नाही, या मापावर ठरतं.

मग तो स्वयंपाकघरात आला. "तिकडे हे काही मिळत नाही. कढई, कुकर, डबे, सगळं घेऊन जा. जुनं नको असेल तर नवीन घ्या, पण इथून न्या." आम्ही आधी चौदाच खोकी नेणार होतो. सासूबाई म्हणाल्या, "अगं, शिलाईचं यंत्र तरी ने. चिमुरडीला फ्रॉक शिवशील." तो लगेच, "नेऊ की आजी! लाकडी क्रेट करून देतो." चौदाची वीस खोकी झाली आणि वर यंत्राचा क्रेट. त्या संध्याकाळी आम्हाला वाटलं, पहिल्या माणसाला आमच्या कामात रसच नव्हता आणि याला आमची काळजी आहे. नेमकं उलटं होतं.

मी त्याला दोनदा विचारलं, "यात सगळं आलं ना?" दोन्ही वेळा उत्तर, "सगळं आलं. डोअर टू डोअर आहे." कोटेशनच्या दुसऱ्या पानावर तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: डेस्टिनेशन चार्जेस ॲज ॲप्लिकेबल, म्हणजे पोचण्याच्या ठिकाणचे खर्च, जे लागतील ते. मी ती वाचली होती. बंदरावर शे-दोनशे रुपयांची काहीतरी पावती असेल असं समजले.

१८ मे रोजी चार मुलं आली आणि तीन तासांत घर रिकामं झालं. पॅकिंग लिस्टमध्ये त्यांनी लिहिलं "किचन आयटम्स", "बुक्स", "क्लोद्स". खोक्यांचं माप लिहिलेला एकही कागद मला दिला नाही. पैसे पूर्ण घेतले आणि गाडी भिवंडीच्या गोदामाकडे गेली.

तिसऱ्या दिवशी फोन आला. माप ५.१ सीबीएम भरलं आहे, वरचे २.१ सीबीएमचे ३७,८०० रुपये भरा. नाहीतर सामान पुढे जाणार नाही आणि गोदामाचं भाडं रोज चढेल. आमचं विमान २६ तारखेला होतं. घर सोडलं होतं, मुलीची शाळा सुटली होती, सामान त्यांच्या ताब्यात. आम्ही पैसे भरले.

हिशेब मी नंतर केला, आधी करायला हवा होता. आमची खोकी १८ बाय १८ बाय २४ इंचांची, म्हणजे एक खोकं साडेचार घनफूट. एका घनमीटरात ३५.३ घनफूट बसतात. वीस खोकी म्हणजे ९० घनफूट, क्रेट ३ बाय २ बाय अडीच फूट म्हणजे १५. एकूण १०५ घनफूट, म्हणजे तीन सीबीएमला किंचित कमीच. मग ५.१ आले कुठून? त्यांनी खोकी तीन पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या लाकडी पाटांवर, मोकळीढाकळी रचली आणि पॅलेटचं बाहेरून माप घेतलं: १.२ बाय १ मीटर, उंची १.४२. असे तीन, की झाले ५.१. म्हणजे मधल्या हवेचंही भाडं आमच्याकडून घेतलं.

जहाजाने सामान जातं तेव्हा त्याचा मुख्य कागद म्हणजे बिल ऑफ लेडिंग, या धंद्यातली माणसं त्याला बीएल म्हणतात. जहाज कंपनी फॉरवर्डरला, म्हणजे आपलं सामान घेऊन जहाजाने पाठवणाऱ्या मधल्या कंपनीला, देते तो मास्टर बीएल, आणि फॉरवर्डर गिऱ्हाइकाला देतो तो हाउस बीएल. मी तो मागत राहिले. "१ जूनला माल निघाला, कागद येतोय." जूनअखेर उत्तर बदललं, "तांबड्या समुद्रात हल्ले चालू आहेत मॅडम, जहाज आफ्रिकेला वळसा घालून जातंय." हे खरंच चालू होतं. २०२३ च्या डिसेंबरपासून बहुतेक मोठ्या कंपन्यांची जहाजं सुएझऐवजी केप ऑफ गुड होपवरून जात होती आणि त्यात दहा-पंधरा दिवस वाढत होते. बातम्यांत रोज दिसत असलेली गोष्ट कुणी कारण म्हणून सांगितली की आपण शंका घेत नाही. मी घेतली नाही.

जुलैच्या सुरुवातीला मी कंटेनर नंबरचा हट्ट धरला. तो चार अक्षरं आणि सात आकड्यांचा असतो आणि जहाज कंपनीच्या साइटवर टाकला की कंटेनर कुठे आहे ते कळतं. त्यांनी नंबर दिला. तो कंटेनर एप्रिलमध्येच गुजरातेतल्या मुंद्रा बंदरातून गेला होता, आमचं सामान घरात असताना. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी हे लेखी पाठवलं आणि नोटीस देईन म्हटलं. मग पंधरा दिवसांत हाउस बीएल आला. त्यावर न्हावा शेव्याहून माल जहाजावर चढल्याची तारीख होती १९ जुलै. आणि माप लिहिलं होतं ३.१ सीबीएम.

दोन महिने, त्यात सगळा जून आणि अर्धा जुलै, आमची पुस्तकं भिवंडीत पावसाळा काढत होती. इतर लोकांचा माल जमून कंटेनर भरेपर्यंत ते थांबले होते. बुरशी समुद्रात लागली नाही, तिथे लागली.

जहाज सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हॅम्बुर्गला लागलं. तिथल्या एजंटाची ईमेल आली: माल उतरवणं, गोदाम, कागदपत्रं, डिलिव्हरी ऑर्डर, कस्टम आणि स्टुटगार्टपर्यंतचा ट्रक, मिळून १,१४० युरो. भरल्याशिवाय माल सुटणार नाही, उशीर झाल्यास रोजचे १२ युरो साठवण. पुण्यातला गोड माणूस फोनवर म्हणाला, "मॅडम, हे तिकडचे सरकारी चार्जेस. आमच्या हातात नाहीत." वाद घालण्यात नऊ दिवस गेले, १०८ युरो आणखी वाढले. सगळे मिळून १,२४८ युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १,१६,००० रुपये.

हे सरकारी चार्जेस नव्हते. इथल्या मराठी मंडळातल्या एका काकांनी आयुष्य माल वाहतुकीत काढलं आहे. त्यांनी समजावून सांगितलं की अशा वाटून घेतलेल्या कंटेनरच्या धंद्यात निघण्याच्या बाजूचं भाडं मुद्दाम तोट्यात सांगतात, आणि पोचण्याच्या बाजूचा एजंट ती तूट सामानाच्या मालकाकडून वसूल करून त्यातला वाटा मागे पाठवतो. गिऱ्हाईक भारतात भावाची तुलना करतं, परदेशात करू शकत नाही, कारण माल आधीच तिथे अडकलेला असतो. अठरा हजारांचा दर का परवडत होता, ते मला त्या दिवशी कळलं.

कस्टममध्ये एक वेगळंच निघालं. युरोपीय संघाबाहेर किमान वर्षभर राहून इकडे राहायला येणाऱ्याला वापरातलं घरगुती सामान करमुक्त आणता येतं. अट अशी की वस्तू आधीचे किमान सहा महिने आपल्या वापरात हव्यात, इकडे आल्यापासून वर्षाच्या आत आणाव्यात आणि पुढचं वर्षभर विकू नयेत. जर्मनीत याला उबरझीडलुंग्सगुट म्हणतात. वस्तूंची नीट यादी लागते. आमच्या यादीत "किचन आयटम्स". मला रात्री बसून आठवून आठवून खोकंनिहाय यादी लिहावी लागली. आणि त्या माणसाच्या सांगण्यावरून घेतलेले नवे कुकर आणि डिनर सेट सवलतीत बसले नाहीत, त्यांचा आयातकर त्याच बिलात लागला.

इन्शुरन्सचे सहा हजार? आमच्याकडे होतं कंपनीच्या लेटरहेडवर छापलेलं एक पत्र. कुठल्याही विमा कंपनीचं नाव नाही, पॉलिसी क्रमांक नाही. बुरशी लागलेल्या पुस्तकांत माझ्या आजोबांनी पन्नास वर्षं जमवलेले दिवाळी अंक होते. पानं एकमेकांना चिकटली आहेत. त्यांची किंमत कुठल्या अर्जात लिहायची, मला अजून कळलेलं नाही.

आता जे जायच्या तयारीत असतील त्यांच्यासाठी. आधी नेण्याचंच ठरवू नका, आधी खोक्याचा भाव काढा. आमच्याकडे सरळ कंपनीच्या भावानेही एक खोकं साडेपाच-सहा हजारांना पडलं असतं. प्रत्यक्षात पडलं दहा हजारांना. खोक्यासमोर उभं राहून स्वतःला विचारा, हे खोकं मी सहा हजारांना विकत घेईन का? स्टीलचे डबे नाही. पुण्यात घेतलेले स्वेटर नाही, इथल्या थंडीला ते पुरत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर नाही, इथे बऱ्याच घरांत इंडक्शन आहे, तिथे तो तापतच नाही. मिक्सर इथे चालतो, कारण वीज भारतासारखीच २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ आहे, फक्त प्लग बदलावा लागतो. पण मिक्सर विमानाच्या बॅगेतही मावतो. अमेरिकेला जाणाऱ्यांनी मात्र तो ठेवूनच जावा, तिथे १२० व्होल्ट आहे. जर्मनीत भाड्याचं घर बऱ्याचदा स्वयंपाकघराशिवाय मिळतं हे ऐकून लोक घाबरतात. त्याचा अर्थ कपाटं आणि शेगडी नसते एवढाच. भांडी इथल्या दुकानात मिळतात. आमच्या एकवीस नगांपैकी यंत्र, मुलीची मराठी पुस्तकं आणि आजोबांचे अंक एवढंच नेण्यासारखं होतं. तेवढं तीन-चार खोक्यांत बसलं असतं.

आणि नेणारच असाल, तर सामान दाराबाहेर जायच्या आधी तुमच्याकडे ताकद आहे, नंतर नाही. पोचण्याच्या बाजूचे सगळे खर्च आकड्यात लिहून घ्या, "ॲज ॲप्लिकेबल" खोडायला सांगा. माप खोक्यांचं की पॅलेटचं, ते लिहून घ्या. प्रत्येक खोक्यासमोर टेप धरून फोटो काढा. सगळे पैसे एकदम देऊ नका, शेवटचा हप्ता हाउस बीएलची प्रत हातात आल्यावर. विमा खऱ्या विमा कंपनीचा हवा आणि आपण स्वतः भरलेल्या खोक्यांतली मोडतोड त्यात येते का ते विचारा, बहुतेकदा येत नाही. कंपनीचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकला की नोंदणी कधीची आहे ते दिसतं. आमचा फॉरवर्डर "वीस वर्षांचा अनुभव" सांगत होता, नोंदणी होती चौदा महिन्यांची. मी हे पाहिलं ऑक्टोबरात. जहाज, ट्रक, रेल्वे अशा एकाहून जास्त साधनांनी माल नेणाऱ्या (मल्टिमोडल) कंपन्यांची नोंदणी नौवहन महासंचालनालयाकडे (डीजी शिपिंग) होते, तीही विचारा.

फसलाच असाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आधी नोंद करा, आणि ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते हे विसरू नका. आमचे पैसे पुण्यात भरले गेले, तिथेच करार झाला, म्हणून तक्रार पुणे जिल्हा आयोगात आहे. माझा भाऊ तारखांना जातो. कंटेनर नंबरची ईमेल आणि ३.१ लिहिलेला तो बीएल हे आमचे सगळ्यात भक्कम कागद आहेत, असं वकील म्हणाले.

माझी मावसबहीण आता म्युनिकला येते आहे. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तिने मला सगळं घर फिरवून दाखवलं. पितळी हंड्यापाशी ती बराच वेळ थांबली, मग म्हणाली, "ताई, हा आईकडे ठेवते." सहा खोकी उरली. तिने तीन कंपन्यांना पोचण्याच्या बाजूचा खर्च लेखी विचारला. दोघांनी आकडे पाठवले. तिसरा म्हणाला, "ते आपण नंतर बघू, मॅडम." त्याचा नंबर तिने तेव्हाच काढून टाकला.