सिनसिनाटीत खायचं कुठे, घ्यायचं कुठून: काही महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीत नव्याने आलेल्या मराठी घराला दोन सल्ले हमखास मिळतात. "सगळं जंगल जिम्समध्ये मिळतं" आणि "इथली चिली एकदा खाऊन बघा." दोन्ही खरे, पण अर्धे. जंगल जिम्समध्ये सगळं मिळतं, पण सगळं तिथून घ्यायचं नसतं. आणि चिली (खिम्याचा मसालेदार रस्सा) खायची तर ही नेहमीची चिली नव्हे, असं धरूनच बसायचं. या शहरात कुठली वस्तू कुठून आणि कोणत्या दिवशी घ्यायची हे बसलं की महिन्याचा खर्चही कमी होतो आणि चिडचिडही.

जंगल जिम्स इंटरनॅशनल मार्केटपासून सुरुवात करावी, कारण नाहक पैसे जास्त तिथेच जातात. हे दुकान शहरात नाही. उत्तरेला फेअरफिल्डमध्ये रूट 4 वर आहे, डाउनटाउनपासून गाडीने साधारण अर्धा तास. 1970 च्या दशकात रस्त्याकडेच्या भाजीच्या टपरीपासून वाढत गेलेलं हे दुकान आज दोन लाख चौरस फुटांहून मोठं आहे. पहिल्या फेरीत दोन तास जातातच. (स्वच्छतागृहाचं दार रस्त्याच्या कामावर ठेवतात तसल्या प्लास्टिकच्या फिरत्या शौचालयाचं आहे. ती गंमत आहे. आत व्यवस्थित, प्रशस्त खोली आहे.)

आतली मांडणी देशांनुसार आहे, आणि खरी मेख तिथेच आहे. भारताची रांग वेगळी, थायलंडची वेगळी, मेक्सिकोची वेगळी. त्यामुळे एकच जिन्नस तीन ठिकाणी, तीन नावांनी आणि तीन भावांना असतो. नारळाचं दूध भारतीय, थाई आणि फिलिपिनो अशा तिन्ही रांगांत आहे. सोलकढीसाठी डबा घेताना घटक वाचा: फक्त नारळ आणि पाणी असलेला घ्या. गवार गम घातलेलं दूध आमटी-रश्श्याला चालतं, पण सोलकढी बुळबुळीत होते. चिंच थाई रांगेत गराच्या विटेत मिळते, भारतीय रांगेत चिंचोक्यांसकट. मेक्सिकन भागात आख्ख्या शेंगा असतात, त्यांत गोड जातही मिसळलेली असते, म्हणून आमटीसाठी ती टाळा. गूळ संपला आणि भारतीय दुकानापर्यंत जायचं नसेल तर लॅटिन अमेरिकन रांगेतला पिलोन्सिओ घ्या. तोही उसाच्या रसाचाच, शंकूच्या आकाराचा. फार कडक असतो, किसून किंवा थोड्या पाण्यात वितळवून वापरावा लागतो. मळीची चव गुळापेक्षा जास्त लागते. चिक्कीला चालेल, पुरणाला मी वापरणार नाही.

भारतीय रांगेत एकच गोष्ट सांभाळायची: तारीख. इतक्या मोठ्या दुकानात प्रत्येक देशाचा माल सारख्या वेगाने खपत नाही. बेसन, रवा, शेंगदाण्याचं कूट, भाजणी आणि तेल असलेला कुठलाही मसाला मागच्या ओळीतला उचला आणि उलटून तारीख बघा. बेसन खवट झालं की झुणक्यात ते झाकत नाही. डाळी, तांदूळ, पोहे यांचा भाव इथे भारतीय किराणा दुकानापेक्षा बहुधा चढाच असतो, त्यामुळे ते इथून नेण्यात अर्थ नाही. मग इथून काय न्यायचं? केळीची पानं, कारली, कच्चा फणस, मोठ्या दुकानांत न दिसणारी हिरवी पालेभाजी, आणि चीज. चीजचा विभाग या दुकानाचा मानबिंदू आहे. तिथे तुकडा चाखायला मागितला तर देतात, संकोच करू नका.

मासळीचा विभागही चांगला. माशाला डोकं, खवले, कल्ले तुमच्यासमोर असतात, त्यामुळे ताजेपणा डोळ्यांनी ठरवता येतो. आख्खा मासा घ्या आणि साफ करून तुकडे मागा. त्यासाठी "स्टेक" म्हणायचं, "फिले" म्हटलं तर काटा काढून देतील आणि कालवणाचा जीव जाईल. तुकडा पाऊण इंचाचा सांगा. त्याहून पातळ केला तर तळताना तुटतो. पापलेट मात्र बहुतेक वेळा गोठवलेलंच मिळतं. पाकिटावर "पॉम्फ्रेट" लिहिलेलं हवं. "गोल्डन पॉम्पानो" हा वेगळा, जास्त तेलकट मासा आहे. तळायला छान, पण पापलेट समजून घेतला तर निराशा. गोठवलेल्या माशावर बर्फाचा थर चढवलेला असतो, म्हणून पाकिटावरचं निव्वळ वजन वाचूनच भाव लावा. मासा आदल्या रात्री फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, चाळणीवर ठेवून त्याचा बर्फ सुटू द्या. पाण्याखाली घाईने सोडवलेल्या माशाला मीठ-हळद धरत नाही.

कणीक, डाळी, पोहे, साबुदाणा, आमसूल, गोडा मसाला हे सगळं भारतीय किराणा दुकानातून. शहराच्या उत्तरेकडच्या उपनगरांत, विशेषतः शेरॉनव्हिल, वेस्ट चेस्टर आणि मेसनच्या पट्ट्यात ही दुकानं आहेत, कारण भारतीय वस्तीही तिकडेच जास्त. कणकेची 20 पौंडांची पिशवी स्वस्त पडते, पण इथला उन्हाळा दमट असतो. दोघांचं घर असेल तर जून ते सप्टेंबर 10 पौंडांचीच घ्या, किंवा मोठी पिशवी भाग करून चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे किड्यांची अंडी मरतात. पैसे वाचवायला अमेरिकन "होल व्हीट" पीठ घेऊ नका. कोंडा जाडसर, दळण वेगळं. पोळी फुगते खरी, पण तासाभरात वातड होते. ओलं खोबरं, तुरीचे दाणे, पावटा, शेवग्याच्या शेंगा गोठवलेल्या चालतात. पाकिटात बर्फाचे खडे दिसले तर समजा, माल एकदा वितळून पुन्हा गोठलेला आहे. ते परत ठेवा.

मे-जूनमध्ये भारतीय दुकानांत हापूस-केशरच्या पेट्यांची नोंदणी होते. 2007 पासून भारतीय आंब्याला अमेरिकेत परवानगी आहे, पण विकिरण-प्रक्रिया आणि विमानाचं भाडं यांमुळे भाव ऐकून घाम फुटतो. एक पेटी हौसेला आणा. रोजच्या आमरसासाठी मेक्सिकोचा अताउल्फो पुरे. दुकानात तो "हनी" किंवा "शँपेन" नावाने असतो. साल थोडी सुरकुतेपर्यंत बाहेर ठेवा. गुळगुळीत, चकचकीत असताना कापला तर आंबटच लागणार.

पूर्व आशियाई भाज्यांसाठी आणि स्वस्त आलं-लसूण-मिरचीसाठी ईव्हनडेलचं कॅम मार्केट. भाव चांगले, त्यासाठी मुद्दाम जावं असं.

ताज्या भाजीसाठी फिंडले मार्केट. ओव्हर-द-राइन भागातला हा बाजार 1855 पासून चालू आहे. ओहायोमधला अखंड चालत आलेला हा सर्वांत जुना सार्वजनिक बाजार. सोमवारी बंद असतो, हे आधी लक्षात ठेवा. गाडी नसेल तरी चालतं: डाउनटाउनची स्ट्रीटकार थेट बाजारापर्यंत जाते आणि तिला तिकीट नाही. शनिवारी सकाळी दहा ते एक या वेळात गर्दी इतकी असते की पिशवी घेऊन वळता येत नाही. साडेआठला जा, किंवा रविवारी शेवटच्या तासात. रविवारी उरलेली भाजी परत न्यायची नसते, म्हणून शेतकरी पाटीचा भाव कमी सांगतात.

हंगामात भरणाऱ्या शेतकरी बाजारात विकणाराच पिकवणारा असतो. बाजूच्या कायमच्या फळगाड्यांवर मात्र घाऊक बाजारातला मालही येतो. ओळखायची खूण सोपी: ज्या टेबलावर केळी आणि आवाकाडो आहेत, ते ओहायोच्या शेतातलं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मक्याची कणसं घ्यावीत तर इथेच, आणि त्याच दिवशी खावीत. दुसऱ्या दिवशी दाण्यातली साखर पिठूळ होऊ लागते. भेंडी चार इंचांपेक्षा लांब असेल तर सोडा, रेषाच निघतील. टोक वाकवून बघा, कट्कन मोडलं पाहिजे. सप्टेंबरमध्ये काही आठवडे पॉपॉ मिळतं. हे इथलं रानफळ आपल्या सीताफळाच्याच कुळातलं, गर पिवळा, चव केळं आणि आंब्याच्या मधली. दाबल्यावर मऊ लागलं की दोन दिवसांत संपवा. साल आणि बिया खायच्या नाहीत, आणि गर शिजवायचाही नाही, काहींचं पोट बिघडतं. गार रबडीत घातलं तर मस्त.

बाजाराच्या इमारतीत मांस, मासळी, मसाले, चीज यांचे गाळे आहेत. मसाल्यांचं दुकान देखणं आहे, पण जिरं-धणे-हळद तिथून घेणं म्हणजे पैसे उधळणं. स्मोक्ड पॅप्रिका, वाळवलेला थाइम असलं काही हवं असेल तरच. रेड्स संघाच्या बेसबॉल हंगामाच्या पहिल्या दिवशी या बाजाराची मिरवणूक निघते, 1920 पासूनची परंपरा. बघायला जरूर जा, भाजी आणायला नको.

रोजचं दूध-अंडी-दही क्रोगरमधून. या कंपनीचा जन्म याच शहरात 1883 साली झाला आणि मुख्यालयही इथेच आहे, त्यामुळे दर दोन मैलांवर एखादं दुकान दिसतं. फळीवरचा पिवळा भाव फक्त दुकानाचं ग्राहक-कार्ड असलेल्याला लागू असतो. कार्ड फुकट आहे. त्यापलीकडे ॲपमधली डिजिटल कुपनं बिलाआधी "क्लिप" करावी लागतात. न केल्यास सवलत आपोआप मिळत नाही, आणि लोक फसतात ते इथेच. "पाच घ्या" प्रकारच्या योजनेत बहुधा ठरलेल्या यादीतल्या पाच वस्तू पूर्ण व्हाव्या लागतात, चार घेतल्या तर पूर्ण भाव. उलट "10 ला 10" असेल तर एकही घेतली तरी तोच दर. पेट्रोलचे गुण: एका डॉलरच्या खरेदीला एक गुण, 100 गुणांना गॅलनमागे 10 सेंट सूट, जास्तीत जास्त एक डॉलर. महिन्याचे गुण पुढच्या महिन्याअखेर बाद होतात, म्हणून टाकी रिकामी करून एकदाच मोठी भरणं फायद्याचं.

आता चिली. इथे तिखट बिनतिखट हा प्रश्नच नाही. ती तिखट नसतेच. 1922 मध्ये मॅसेडोनियाहून आलेल्या किराजिएफ भावांनी एम्प्रेस नावाचं दुकान काढलं, तिथून हा प्रकार सुरू झाला. स्कायलाइन 1949 चं, एका ग्रीक कुटुंबाचं. गोल्ड स्टार 1965 चं, जॉर्डनहून आलेल्या भावांचं. म्हणजे मूळ भूमध्य समुद्राकडचा मांसाचा रस्सा, त्यात दालचिनी, लवंग, ऑलस्पाइस. खिमा परतत नाहीत, पाण्यात कुस्करून शिजवतात. त्यामुळे गोळे न राहता तो पातळ, रवाळ होतो. वाटीत घेऊन चमच्याने खाल्लात तर बेचव वाटणारच. तो स्पॅगेटीवर ओतून खायचा असतो.

"थ्री-वे" म्हणजे स्पॅगेटी, चिली, वर किसलेल्या चेडरचा डोंगर. "फोर-वे"त कांदा किंवा राजम्यासारखे दाणे यांतलं एक, "फाइव्ह-वे"त दोन्ही. आम्हाला कांद्याचा फोर-वे सरस वाटतो, कच्च्या कांद्याशिवाय दालचिनी डोक्यावर बसते. काट्यावर गुंडाळू नका, कडेने कापत खा, नाहीतर चीज एकीकडे आणि रस्सा दुसरीकडे. सोबतच्या छोट्या गोल क्रॅकर्सवर हॉट सॉसचे थेंब टाकून आधी खायची पद्धत आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने कॅम्प वॉशिंग्टन चिलीत जावं. साखळी दुकानांपेक्षा मसाला ठसठशीत आहे.

एक स्पष्ट सांगायला हवं: ही चिली गोमांसाची असते, विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. शाकाहाऱ्यांसाठी स्कायलाइनमध्ये काळ्या घेवड्याचा आणि भाताचा पर्याय आहे, चिलीऐवजी तो घालून थ्री-वे मागता येतो. चव सौम्य, पण पोट भरतं.

गेटा हा जर्मन वसाहतकऱ्यांचा वारसा: डुक्कर आणि गोमांस, जाड ओट्स, कांदा, तमालपत्र एकत्र शिजवून विटेसारखं थापलेलं. न्याहारीला मिळतं, घरीही सोपं. थंडगार असतानाच अर्ध्या इंचाचे काप करा, बिडाच्या तव्यावर मध्यम आचेवर ठेवा आणि सात-आठ मिनिटं हात लावू नका. सगळे चुकतात ते उलटण्याच्या घाईने. खालची बाजू खरपूस न होता उलटलं की भुगा.

आइस्क्रीम ग्रेटर्सचं, ब्लॅक रास्पबेरी चॉकलेट चिप. छोट्या भांड्यात घोटून करतात, हवा कमी, म्हणून दगडासारखं घट्ट. दहा मिनिटं बाहेर ठेवूनच चमचा घाला. चॉकलेटचे तुकडे वेडेवाकडे आणि कधी बोटाएवढे निघतात. अंडं न खाणाऱ्यांनी जपून, मूळ मिश्रणात पिवळा बलक असतो. लारोझाजचा पिझ्झा या शहराला प्राणापलीकडे प्रिय आहे. सॉस गोड, चीज प्रोव्होलोनचं. आम्ही एकदा खाऊन थांबलो.

बिलाचं शेवटी: ओहायोत बसून खाल्लं तर विक्रीकर लागतो, सिनसिनाटी ज्यात येतं त्या हॅमिल्टन काउंटीत 7.8 टक्के. बांधून नेलं तर जेवणावर कर नाही, फक्त शीतपेयावर लागतो. म्हणून काउंटरवर "हिअर की टू-गो" विचारतात तेव्हा नीट उत्तर द्या. नदीपलीकडे केंटकीत, न्यूपोर्ट किंवा कोव्हिंग्टनला, तयार जेवण बांधून नेलं तरी 6 टक्के कर आहे. वाढपी असलेल्या ठिकाणी 18 ते 20 टक्के टिप धरून चाला, आणि ती काढताना कराआधीची रक्कम धरली तरी कुणी वाईट मानत नाही. मोठ्या टोळीने गेलात तर बिलात टिप आधीच जोडलेली आहे का ते बघा.