पॉइंट 32 रिव्हॉल्व्हर, मुंबईच्या फ्लॅटसाठी

मुंबईत घराच्या रक्षणासाठी परवान्यावर शस्त्र घ्यायचं म्हटलं की गाडी फिरून पॉइंट 32 बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) रिव्हॉल्व्हरवरच येते. 9 एमएम सामान्य नागरिकाला मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. 12 बोअरची लांब बंदूक वन बीएचकेच्या पॅसेजमध्ये धड वळवताही येत नाही. राहिलं कानपूरचं सरकारी बनावटीचं 32. 2014 साली आलेलं ‘निर्भीक’ आणि 2023 साली आलेलं ‘प्रबल’ ही त्यातली दोन ठळक मॉडेल्स. वस्तू म्हणून दोन्ही प्रामाणिक आहेत. घरफोडीवरचा उपाय म्हणून मात्र मुंबईतल्या बहुतेक कुटुंबांनी ती घेऊ नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आधी वस्तूबद्दल. निर्भीकची बॉडी टायटॅनियम मिश्रधातूची, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, काडतुसं सहा. रचना वेब्ली या जुन्या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरच्या पद्धतीची, मधोमध मोडणारी. नळीच्या मागचा खटका अंगठ्याने दाबला की नळी पुढे झुकते, सिलिंडरच्या (काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाच्या) मधून चांदणीच्या आकाराची पट्टी वर येते आणि सहाही रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर पडतात. हे अर्धवट जोराने केलं तर एखादी पुंगळी चांदणीखाली अडकते आणि नळी परत बसत नाही. म्हणून नळी आकाशाकडे धरून, एका झटक्यात, शेवटपर्यंत मोडायची. प्रबलचा सिलिंडर बाजूला उघडतो, त्यामुळे भरणं-रिकामं करणं सोपं जातं.

खरी अडचण चापाची आहे. घोडा (मागचा हातोडा) आधी मागे न ओढता थेट चाप दाबला तर तो लांब आणि जड लागतो. बोटात ताकद कमी असलेल्या ज्येष्ठांना तो एका दमात ओढणं कठीण. उजव्या हाताचा नवशिका चाप ओढताना मनगटासकट झटका देतो आणि गोळी खाली, डावीकडे जाते. शिवाय सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून गरम वायू फेकला जातो, तिथे दुसऱ्या हाताचा अंगठा आला तर भाजतो. हे सगळं सरावाने सुटतं. पण सराव गच्चीवर होत नाही. त्यासाठी वरळीसारखी शूटिंग रेंज हवी, वेळ हवा आणि काडतुसं हवीत. परवान्यावर काडतुसांची संख्या मोजून लिहिलेली असते.

मुंबईची हवा हा वेगळा शत्रू. जून ते सप्टेंबर कातडी कव्हरात ठेवलेलं शस्त्र हमखास गंजतं, कारण कातडं ओल धरतं. सुती कापडात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायचं, पंधरा दिवसांनी पुसायचं, तेल दोन-तीन थेंबच. तेल ओघळून काडतुसाच्या टोपीत (बुडाशी ठिणगी देणाऱ्या भागात) शिरलं की काडतूस फुसकं निघतं. चाप ओढून आवाज आला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून 30 सेकंद थांबायचं, मगच उघडायचं. बार उशिराने पेटू शकतो.

आता मुद्द्याची गोष्ट. शस्त्र आणि काडतुसं कुलपात, पोरांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवायची हमी परवानाधारकाला द्यावी लागते, आणि ती अगदी रास्त आहे. म्हणजे रात्री तीन वाजता काय होईल ते पाहा. चष्मा, किल्ली, गोदरेजच्या कपाटाची मूठ (ती वाजतेच), आतला लॉकर, दुसऱ्या डब्यातली काडतुसं, अंधारात सहा भोकं. सराव नसलेल्याला यात अर्धा मिनिट सहज जातो. दार ते बेडरूम अंतर पंधरा-वीस फूट. हा वेळ वाचवायला माणसं भरलेलं शस्त्र उशाशी ठेवू लागतात आणि तिथूनच अनर्थ सुरू होतो. पॅसेजमधली सावली शेवटच्या कर्जत लोकलने आलेल्या मुलाची असू शकते. घरात कोणी निराश असेल, दारू पिणारं असेल किंवा भांडणं हातघाईवर येत असतील, तर शस्त्र घरात आणूच नका. अमेरिकेत 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बंदूक असलेल्या घरांत खुनाचा धोका जवळपास 2.7 पट आढळला होता, आणि मारणारे बहुतेक घरचे किंवा ओळखीचेच होते. तिथली परिस्थिती वेगळी आहे हे मान्य, पण घरातला राग सगळीकडे सारखाच.

गोळी कुठे जाईल हाही विचार करा. चाळीतलं फळ्यांचं पार्टिशन किंवा फ्लश डोअर ती थांबवत नाही, पलीकडे शेजारी झोपलेला असतो. नव्या टॉवरच्या काँक्रीट भिंतीवरून ती उसळून परत येऊ शकते.

कायदाही माहीत हवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 41 नुसार मालमत्ता वाचवताना जीव घेण्यापर्यंतचा अधिकार मोजक्या प्रसंगी मिळतो: जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतली घरफोडी, घराला आग लावणं, किंवा जिवाची अथवा जबर दुखापतीची रास्त भीती असलेली चोरी. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर हे कलम वाचवणार नाही. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, हे कलम 37 मध्ये आहे.

परवान्याचं थोडक्यात: वय किमान 21, मुंबईत अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे, सोबत प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, मग पोलीस चौकशी. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा आणि शस्त्रं जास्तीत जास्त दोन. अर्जात जिवाला असलेला धोका कागदांनिशी दाखवावा लागतो. नुसतं ‘चोऱ्या वाढल्यात’ लिहून भागत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून रिव्हॉल्व्हरवर जीएसटी 28 ऐवजी 40 टक्के आहे. निर्भीक आलं तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात होतं.

त्या पैशाच्या छोट्याशा भागात दार असं करता येतं की चोर पुढच्या घराकडे वळेल. घरफोडी बहुधा कडीकोयंडा तोडूनच होते, आणि कोयंडा तुटतो त्याचं कारण कुलूप नसतं, एक इंची स्क्रू असतात. पहारीच्या एका हिसक्यात ते चौकटीतून उपटतात. तीन इंची स्क्रू चौकट भेदून भिंतीपर्यंत घ्या, कोयंड्याला आरपार बोल्ट मारून नट आतून आवळा. बाहेर लोखंडी जाळीचा सेफ्टी डोअर, आत दोन-तीन बोल्टचं लॅच, आणि दाराच्या खाली-वर एकेक कडी. बाथरूमच्या सरकत्या काचा विसरू नका, डक्टच्या पाइपवरून येणारा तिथूनच शिरतो. ग्रिलचे स्क्रू बाहेरून उघडता येत असतील तर त्यांची डोकी वेल्ड करून घ्या, पण एका ग्रिलला आतून उघडणारी खिडकी ठेवा. आग लागली तर तीच वाट.

रात्री खुडबुड झाली तर बेडरूमचं दार आतून लावा, 112 फिरवा, दिवे लावून जोरात आरडाओरडा करा. बेडरूमच्या दाराला बहुतेक घरांत नुसतं नाजूक गोल हँडलचं लॉक असतं, तिथे आधी एक भक्कम आडवी कडी बसवा.

ज्यांना खरोखर धमक्या आहेत, उदाहरणार्थ रोज रोकड किंवा दागिने नेणारे व्यापारी, त्यांचा विचार वेगळा. त्यांनी प्रबल पाहावं, महिन्यातून एकदा रेंजवर जाणं जमत असेल तरच. आणि कोकणातल्या गावी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आजोबांची बंदूक असेल, तर ती मुंबईच्या घरी आणू नका. तो परवाना तिथल्या शेतीपुरता असतो. आजोबा गेले असतील तर ती कपाटात पडू न देता लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती जपून ठेवा. वारसाच्या परवान्याचा अर्ज त्यानंतर.