पगाराचा तक्ता देखणा, हिशेब कच्चा (5 पैकी 3 तारे)

भाचीचं लोकप्रशासनात एम. ए. झालं. पुढं काय आणि पगार किती, हे विचारायला पुण्यातल्या एका करिअर सल्ला केंद्रात तिच्याबरोबर गेलो. तासाभराचे दीड हजार. उभी हयात कोषागारात पगारबिलं तपासल्यामुळं रंगीत तक्ता दिसला की माझी नजर आधी तळटीप शोधते. इथं तळटीपच नव्हती.

तक्त्यात लिहिलेलं, 'एम. ए. लोकप्रशासन : सुरुवात 56,100'. अहो, हे उपजिल्हाधिकाऱ्याचं मूळ वेतन, एस-20 ही वेतनश्रेणी! त्यासाठी राज्यसेवा पास व्हावी लागते आणि तिला कुठलाही पदवीधर बसतो. उद्या बी. एस्सी. ॲग्रीवाला निवडला गेला तर त्यालाही तेवढंच. वेतनश्रेणी पदाला असते, पदवीला नाही. शिवाय मूळ वेतन म्हणजे हातात पडणारा पगार नव्हे. वर महागाई भत्ता, घरभाडं भत्ता चढतो. एनपीएसचे, म्हणजे निवृत्तिवेतन योजनेचे 10 टक्के, व्यवसाय कराचे 200 आणि आयकर कापला जातो. तक्ता दाखवणाऱ्या समुपदेशक बाईंना म्हटलं तर उत्तर आलं, "काका, ढोबळमानानं घ्या ना." ढोबळमानानं एक बिल पास करून दाखवा म्हणावं.

मुख्यमंत्री फेलोशिप, म्हणजे राज्य सरकारबरोबर ठरावीक मुदतीचं काम, तीही 'सरकारी नोकरी'च्या रकान्यात घातलेली. 2025च्या योजनेत छात्रवृत्ती 56,100 आणि प्रवासखर्चाचे 5,400, म्हणजे 61,500. रक्कम बरोबर, रकाना चूक. बारा महिन्यांनी फेलोशिप संपते. वर एक वर्षाचा अनुभव लागतो, तो भाचीकडं नाही.

तीन तारे दिले ते तिथल्या दुसऱ्या, तरुण समुपदेशक मुलीमुळं. तिनं तक्ता बाजूला सारला आणि भाचीला आधी विचारलं, "नेट दिलीस का?" नेट म्हणजे सहायक प्राध्यापकपदाची आणि संशोधनवृत्तीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा; लोकप्रशासन हा तिचा विषय आहे. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची छात्रवृत्ती मिळाली आणि पीएच. डी.ला प्रवेश झाला, तर पहिली दोन वर्षं महिना 37,000, पुढं 42,000, घरभाडं भत्ता वेगळा. इथं निदान विषयाचा उपयोग तरी होतो. धोरणसंस्थेतल्या एका जाहिरातीचं वार्षिक पॅकेजही तिनं कागदावर फोडून दाखवलं: मालकाच्या हिश्शाचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा वजा करा, मग बारानं भागा. भाचीचा चेहरा उतरला, पण आकडा खरा होता.

जाणार असाल तर फी भरण्याआधी तक्त्याची झेरॉक्स मागा. आम्हाला दिली नाही.