‘तुमच्या मुलाला ऑफर आलीय’: फुटबॉल लाइनमनच्या आईवडिलांना कसं गंडवलं जातं

अमेरिकेतल्या मेम्फिसच्या ट्रेझव्हंट हायस्कूलमध्ये १९९९च्या मोसमात अल्बर्ट मीन्स नावाचा डिफेन्सिव्ह लाइनमन अमेरिकन फुटबॉल खेळत होता. खेळाची स्कॉलरशिप देऊन त्याला आपल्या संघात घ्यायला मोठमोठी कॉलेजं रांगेत उभी होती. फेब्रुवारी २०००मध्ये त्याने अलाबामा विद्यापीठासाठी सही केली. जानेवारी २००१मध्ये शाळेच्याच सहायक कोचने तोंड उघडलं आणि कळलं, की मुख्य कोच लिन लँग याने या मुलाला सरळ विकायला काढलं होतं. मागणी होती दोन लाख डॉलरची. पुढे लँगने गुन्हा कबूल केला आणि कोर्टात साक्ष दिली, की अलाबामाचा श्रीमंत पाठीराखा लोगन यंग याने आपल्याला दीड लाख डॉलर दिले. फेब्रुवारी २००५मध्ये ज्युरीने यंगला दोषी ठरवलं. त्याआधी, २००२मध्येच, या आणि इतर प्रकरणांपायी एनसीएएने, म्हणजे कॉलेजांच्या खेळांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेने, अलाबामावर दोन मोसमांची बोल सामन्यांची (मोसमाअखेरच्या मानाच्या सामन्यांची) बंदी घातली, २१ स्कॉलरशिप कापल्या आणि पाच वर्षं देखरेख लावली. मीन्स अलाबामा सोडून मेम्फिस विद्यापीठात खेळायला परतला. सौदा त्याचा झाला होता, पण गल्ल्यावर बसले होते दुसरेच.

तेव्हा पैसा खेळाडूच्या नावाने यायचा आणि मधला माणूस तो खायचा. आजची फसवणूक बहुतेक वेळा उलट्या दिशेने चालते. पैसे आईवडीलच भरतात, तेही स्वतःहून, हप्त्याहप्त्याने. त्यात लाइनमनचं घर सगळ्यात लवकर गळाला लागतं.

लाइनमन म्हटलं की आपल्याला महावितरणचा, खांबावर चढणारा माणूस आठवतो. इथला ऑफेन्सिव्ह लाइनमन म्हणजे समोरच्याला अंगाने रेटून आपल्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, काही सेकंद मिळवून देणारा गडी; ती भिंत भेदायला समोरून येतो तो डिफेन्सिव्ह लाइनमन. ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये असे पाच जण असतात: मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल. गोम अशी की त्यांचा स्कोअरबोर्डच नाही. धावणाऱ्याचे यार्ड मोजतात, फेकणाऱ्याचे पास मोजतात, झेलणाऱ्याचे झेल मोजतात. गार्डने साठ प्लेमध्ये (चालींमध्ये) काय केलं हे शनिवारच्या पेपरात येत नाही. क्रिकेटमधल्या बापाला निदान मुलाची सरासरी ठाऊक असते. लाइनमनच्या आईला मुलगा देशात चांगला आहे की तालुक्यात, हे कुणीतरी सांगावं लागतं. हे सांगण्याचेच पैसे घेणारी माणसं तिथे टपलेली असतात. टेक्सास किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरात तर आईवडिलांनी हा खेळ शाळेत कधी पाहिलेलाही नसतो. मुलगा नववीत सहा फूट दोन इंच झाला म्हणून कोचने त्याला मैदानावर ओढलेलं असतं. अशा घरात फोन आला की तो खरा वाटतो.

फोनचा साचा ठरलेला असतो. मुलाने कुठेतरी फुकट प्रोफाइल भरलेला असतो. दोन-तीन दिवसांत ‘स्काउट’ म्हणवणाऱ्याचा फोन येतो आणि आई-वडील दोघंही लाइनवर हवेत असा आग्रह होतो. कारण उघड आहे: एकटा माणूस ‘घरी विचारून सांगतो’ म्हणतो, दोघं एकत्र असले की ती पळवाट उरत नाही. मग मुलाची तारीफ, ‘आम्ही सगळ्यांना घेत नाही’, आणि शेवटी काहीशे डॉलरपासून काही हजारांपर्यंतची पॅकेजं. सवलत आज रात्रीपर्यंतच. खरोखर मुलं निवडणाऱ्या माणसाला आज रात्रीची घाई नसते, हे तिथेच लक्षात घ्यावं.

पैसे भरल्यावर मिळतं काय? एक वेबपान आणि शेकडो कोचना एकगठ्ठा ईमेल. महिन्याने अहवाल येतो: ‘इतक्या कॉलेजांनी तुमचा प्रोफाइल पाहिला.’ त्यात ईमेल नुसता उघडला गेला तरी तो पाहिला असा धरलेला असू शकतो. कॉलेजच्या प्रश्नावलीची लिंक आली की ‘इंटरेस्ट’ म्हणून तिचा गाजावाजा होतो. ती प्रश्नावली कॉलेजच्या वेबसाइटवर कुणालाही भरता येते. अशी प्रत्येक सेवा भामटी असते असं नाही, कायद्याने ती चालते. पण सहा फूट चार इंच, २९० पौंडांचा आणि पाय हलवणारा मुलगा विकायला दलाल लागत नाही. त्याला कोच स्वतः शोधत येतात. आणि जो अजून तेवढा झालेला नाही, त्याला एकगठ्ठा ईमेल तेवढा करत नाही.

‘स्कॉलरशिप मिळाली तरच फी’ किंवा ‘न मिळाल्यास पैसे परत’ ही जाहिरात सगळ्यात गोड लागते, आणि विष तिच्यातच असतं. मुलाची माहिती कॉलेजांना पाठवणाऱ्या सेवेला फी देता येते, मात्र ती फी स्कॉलरशिप मिळण्यावर अवलंबून नसावी, असं एनसीएएच्या नियमपुस्तकात आहे. अवलंबून असेल तर ती सेवा एजंट ठरू शकते आणि मुलाच्या खेळण्याच्या पात्रतेवरच गदा येते. म्हणजे ज्या वाक्याने आईवडिलांना निर्धास्त वाटतं, तेच वाक्य करारात असेल तर कागद फाडण्याच्या लायकीचा. शंका असेल तर सही करण्यापूर्वी कुठल्याही डिव्हिजन वन (एनसीएएच्या सगळ्यात वरच्या श्रेणीतल्या) कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसला, म्हणजे नियम पाळले जातात ना ते बघणाऱ्या कचेरीला, फोन करून विचारावं. त्याचे पैसे पडत नाहीत.

जे काम ती सेवा करते ते घरी दोन संध्याकाळींत होतं. हडल या खेळाच्या व्हिडिओंच्या वेबसाइटवर तीन-चार मिनिटांची फिल्म, वीस-पंचवीस प्ले, सगळ्यात चांगले पाच आधी, कारण पुष्कळ कोच तिथेच निर्णय घेऊन मोकळे होतात. प्रत्येक प्लेमध्ये चेंडू निघण्यापूर्वी मुलाभोवती वर्तुळ किंवा बाण, नाहीतर त्या गर्दीत बावीस जणांतला आपला कोणता हे कळत नाही. नुसते समोरच्याला आडवं पाडल्याचे प्ले घालू नयेत. पास प्रोटेक्शनमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅकचा बचाव करत मागे सरकताना, गुडघे वाकलेले आहेत का, कंबर खाली राहते का, हात आत लागतात का, हे ऑफेन्सिव्ह लाइनचा कोच बघतो. सोबत एका पूर्ण सामन्याची लिंक द्यावी, कारण निवडक प्लेवर कुणीच पूर्ण विश्वास ठेवत नाही. उंची बूट काढून मोजलेली, वजन, हाताची लांबी, मार्क, शाळेच्या कोचचा नंबर. हाताची लांबी खांद्याच्या हाडाच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत घेतात, आणि टॅकलला ती ३३-३४ इंच असली तर कोचचे डोळे चमकतात. उंचीत दोन इंच वाढवून लिहिण्याचा सल्ला काही ‘सल्लागार’ पैसे घेऊन देतात. कॅम्पच्या दारात कॉलेजवाले टेप घेऊनच उभे असतात.

कॅम्पचीही गंमत आहे. मे महिन्यात घरी पत्र येतं, कॉलेजचा लोगो, वर मुलाचं नाव, ‘खास निमंत्रण’. कॉलेजांचे स्वतःचे कॅम्प, संख्या, वय आणि इयत्ता एवढ्याच अटींवर, सगळ्यांना खुले ठेवावे लागतात. म्हणून ते निमंत्रण म्हणजे लग्नपत्रिकेपेक्षा हँडबिल जास्त. तरी कॉलेजच्या मैदानावरचा कॅम्प चांगलाच, तिथे निवडणारा कोच स्वतः हजर असतो. भुर्दंड बसतो तो हॉटेलच्या हॉलमधल्या ‘एलिट शोकेस’चा. तिथे फी भरपूर असते आणि कॉलेजचा कोच एकही नसतो. डिव्हिजन वनच्या कोचना कुठे, कधी जाता येतं यावर कॅलेंडरची बंधनं आहेत, म्हणून ‘पन्नास कॉलेजांचे कोच येणार’ असं कुणी म्हणालं तर त्यांची नावं मागावीत आणि त्या कॉलेजात फोन करून खात्री करावी.

आता ऑफर. इथे सगळ्यात जास्त घरं फसतात आणि फसवणारा दर वेळी बाहेरचा नसतो. कोच फोनवर म्हणतो, ‘आम्ही तुला ऑफर देतोय.’ मुलगा तासाभरात एक्सवर लोगोसकट पोस्ट टाकतो. हे सगळं बोलाची कढी, बोलाचाच भात. तोंडी ऑफर कॉलेजला बांधत नाही. एकाच जागेसाठी एक कोच कितीतरी मुलांना असं सांगून ठेवू शकतो, आणि आता ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, बाविशीचा तयार लाइनमन मिळत असेल तर अठरा वर्षांच्या मुलाला आणखी दोन-तीन वर्षं पोसण्याची घाई कुणाला नसते. म्हणून मुलाने शांतपणे विचारावं: ‘मी आज हो म्हटलं तर तुम्ही आज घ्याल का?’ उत्तरात ‘आधी कॅम्पला ये’, ‘आधी भेट दे’ आलं, तर ती ऑफर नाही, ओळख आहे. दुसरा प्रश्न: पूर्ण स्कॉलरशिप की भाग? तिसरा: पहिल्या सत्रापासून की ग्रेशर्ट? ग्रेशर्ट म्हणजे मुलाने पुढच्या जानेवारीत यायचं, तोवरचा खर्च घरचा. ‘प्रिफर्ड वॉक-ऑन’ ऐकायला मानाचं वाटतं, पण त्यात स्कॉलरशिप नसते, फक्त संघात जागा असते. मधल्या माणसाने हेच ‘ऑफर’ म्हणून विकलेलं असतं आणि फीचं बिल ऑगस्टमध्ये येतं.

लेखी ऑफर बारावीच्या वर्षाच्या १ ऑगस्टपासून येऊ शकते. दहावीतल्या मुलाला कुणी ‘लेखी स्कॉलरशिप’ पाठवली तर कागद खोटा आहे. नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे ‘याच कॉलेजात येतो’ असं मुलाने सही करून द्यायचं जुनं पत्र, डिव्हिजन वनमध्ये ऑक्टोबर २०२४मध्ये बंद झालं. आता सही होते ती आर्थिक मदतीच्या करारावर, आणि मदत किती, किती काळासाठी, हे त्यात असतं. अजूनही जुन्या नावाचा फॉर्म दाखवून ‘प्रोसेसिंग फी’ मागणारा एकतर अडाणी आहे किंवा चोर. सहीची फी नसते. आणखी एक झटपट कसोटी: डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येल वगैरे) खेळाची स्कॉलरशिप नसतेच. ती ‘मिळवून देतो’ म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवावा.

२००८च्या फेब्रुवारीत नेवाडातल्या फर्नली गावात एका धिप्पाड लाइनमनने शाळेच्या जिममध्ये, सगळ्यांच्या समोर, कॅलिफोर्निया आणि ओरेगन या दोन विद्यापीठांपैकी कॅलिफोर्निया निवडल्याचं जाहीर केलं. दोघांपैकी कुणीही त्याला ऑफर दिलेली नव्हती. सुरुवातीला त्याने एका मध्यस्थाने फसवल्याचं सांगितलं, नंतर सगळं आपणच रचल्याचं कबूल केलं. मुलाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या ऑफिसला आदल्या दिवशी एक फोन गेला असता तर तो जिम भरलाच नसता. तो फोन असा करावा: समोरच्याने दिलेल्या नंबरवर नाही, कॉलेजच्या वेबसाइटवरच्या फुटबॉल ऑफिसच्या नंबरवर. कोचचा ईमेल कॉलेजच्या स्वतःच्या पत्त्यावरून आलाय ना, स्टाफच्या यादीत ते नाव आहे ना, एवढं तरी बघावं.

मार्क कमी असले की पुढची पायरी येते: ‘एक वर्ष आमच्या अकादमीत पाठवा.’ २९ ऑगस्ट २०२१ला ईएसपीएनवर देशभर दिसलेल्या सामन्यात आयएमजी अकादमीने बिशप सायकामोर नावाच्या संघाला ५८-० असं धुतलं. दोनच दिवस आधी तो संघ आणखी एक सामना खेळला होता. ओहायोच्या शिक्षण खात्याने चौकशी केली तेव्हा शाळेची इमारत सापडली नाही, अभ्यासक्रमही नाही. स्कॉलरशिपच्या आशेने आलेल्या मुलांची वर्षं मात्र गेली. चांगल्या अकादम्या आहेत, पण ‘आम्ही मार्क सुधारू’ हे वाक्य डिव्हिजन वनसाठी जवळजवळ पोकळ आहे. तिथे १६ कोर विषय (एनसीएएने मान्य केलेले शाळेचे मुख्य विषय) आणि त्यांत चारपैकी २.३ सरासरी लागते. त्यांतले १० विषय बारावी सुरू होण्यापूर्वी व्हावे लागतात, त्या दहातले ७ इंग्रजी, गणित आणि विज्ञानाचे. वेळेवर शाळा संपल्यावर आणखी फक्त एकच कोर विषय जोडता येतो. एका वर्षाच्या फीमध्ये एक विषय, असा हा हिशेब. म्हणून नववीतच शाळेच्या समुपदेशकाकडून कोर विषयांची यादी घ्यावी.

आता कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नाव-प्रतिमेवर पैसे कमावता येतात, त्यामुळे नवा सापळा आलाय: आज उचल, उद्या टक्का. फ्लोरिडाचा डिफेन्सिव्ह लाइनमन जर्व्हन डेक्स्टर याने २०२३मध्ये कोर्टात दाखल केलेल्या दाव्यानुसार, त्याला कॉलेजात असताना ४,३६,४८५ डॉलर मिळाले आणि बदल्यात एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या करपूर्व कमाईचे १५ टक्के, २५ वर्षांसाठी, लिहून द्यावे लागले. अशा कागदावर आकडा शेवटी वाचावा. आधी मुदत वाचावी, मग टक्का करापूर्वीचा की नंतरचा ते, मग बाहेर पडण्याचं कलम. वकील आपला हवा, समोरच्याने ‘आमच्याकडचा आहे ना’ म्हणून दिलेला नको.

पैसे आधीच गेले असतील तर दिवस मोजावेत. क्रेडिट कार्डाने भरले असतील तर ज्या बिलात ती रक्कम आली ते पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत कार्ड कंपनीकडे लेखी तक्रार करावी. झेल (Zelle) या पैसे पाठवण्याच्या सेवेने स्वतः पाठवलेला पैसा रोखीसारखा जातो, परत यायची आशा फारच कमी. सेवा रद्द केल्याचं ईमेलने कळवावं, फोनवर नाही, आणि पुढचे हप्ते कार्डाकडूनही थांबवावेत. करार, पावत्या, फोनवर मिळालेल्या आश्वासनांच्या तारखा एका फोल्डरमध्ये ठेवून फेडरल ट्रेड कमिशन आणि राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे तक्रार नोंदवावी. खोट्या कोचने एखाद्या कॉलेजचं नाव वापरलं असेल तर त्या कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसला लगेच कळवावं, आणि शाळेच्या कोचलाही. त्याच लाइनमध्ये त्याच उंचीची आणखी तीन-चार मुलं असतात, आणि पुढचा फोन त्यांच्याकडे जातो.