स्क्वाड गेम: मित्रांसोबत बरेच महिने खेळल्यावरचा अनुभव

आधीच सांगतो, ज्यांना बीजीएमआयसारखं उतरलो, बंदूक उचलली, चारजण उडवले असं हवंय त्यांनी हा कॉम्प्युटरवरचा युद्धाचा गेम घेऊ नका, उगाच पैसे जातील. स्क्वाडमध्ये पहिली दहा मिनिटं तुम्ही ट्रकमध्ये बसून असता, मग चालता, मग झाडीत पालथे पडता आणि कुठून तरी एक गोळी येते आणि खेळ खल्लास. कुणी मारलं, कुठून मारलं, काही दाखवत नाहीत. तुम्ही कुणाला मारलं तेही स्क्रीनवर येत नाही, नेम लागला की नाही ते समोरचा परत उठला का ह्यावरून समजून घ्यायचं. पहिल्याच आठवड्यात आमच्यातला एकजण म्हणाला, एवढ्या वेळात मी एसटीनं कोल्हापूरला जाऊन आलो असतो.

आता तोच सगळ्यात आधी ऑनलाइन असतो ते सोडा.

आम्ही कॉलेजचे जुने मित्र, दोघं पुण्यात, एक डोंबिवलीत, एक जर्मनीत आणि मी साताऱ्यात. शनिवारी रात्री पोरंबाळं झोपली की बसतो, जर्मनीवाल्याकडं तेव्हा संध्याकाळच असते त्यामुळं तो एकदम फ्रेश आणि आम्ही जांभया देतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पन्नास विरुद्ध पन्नास, एका स्क्वाडमध्ये, म्हणजे तुकडीत, जास्तीत जास्त नऊजण, एक मॅच तासभर तरी चालते. बॅटलफिल्ड २ वर प्रोजेक्ट रिअ‍ॅलिटी नावाचा मॉड (खेळाडूंनीच मूळ गेममध्ये फेरफार करून बनवलेली आवृत्ती) होता, त्यातल्याच काही मंडळींनी हा बनवला, कंपनी कॅनडाची. अर्ली अ‍ॅक्सेस (म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विकायला काढणं) २०१५ च्या डिसेंबरात आणि पूर्ण रिलीज २०२० च्या सप्टेंबरात, म्हणजे गेम जुना आहे पण अजून अपडेट येतात.

खरं सांगायचं तर हा गोळीबाराचा गेमच नाही, हा माइकवर बोलायचा गेम आहे. तीन वेगळी बटणं आहेत बोलायला, एकानं आजूबाजूच्यांना ऐकू जातं, दुसऱ्यानं फक्त आपल्या स्क्वाडला आणि तिसरं फक्त स्क्वाड लीडरसाठी, दुसऱ्या लीडरांशी बोलायला, त्याला कमांड म्हणतात. लीडर झालेल्या माणसाच्या कानात एकाच वेळी तिन्हीकडून बडबड चालू असते. आमचा लीडर म्हणजे डोंबिवलीवाला, तो आमच्याशी मराठीत, कमांडवर इंग्लिशमध्ये आणि मधेच घरात आईला 'हो गं, बंद करतो' असं सगळं एका दमात बोलतो.

सुरुवातीला आमचं बोलणं म्हणजे 'अरे तिकडं तिकडं, तो बघ!' आता तिकडं म्हणजे कुठं? पाचजण पाच दिशांना बघणार. स्क्रीनच्या खाली होकायंत्राचे आकडे असतात, ते वाचायची सवय लागायला वेळ लागला. आता असं येतं: 'वन सेव्हन नाइन, पिवळं घर, त्याच्या डावीकडची भिंत, दोघं आहेत, एकाकडं मशीनगन.' आकडे मुद्दाम इंग्लिशमध्ये, कारण गोळ्या सुरू असताना एकोणऐंशी का एकोणनव्वद ह्यावर एकदा भांडण झालं आणि तोवर निम्मा स्क्वाड आडवा.

दुसरी गोष्ट रेडिओची. लीडर कुठंतरी आडोशाला रेडिओ लावतो, मग लॉजी ट्रकनं (सामान वाहायचा ट्रक) सामान आणायचं आणि सगळ्यांनी फावडी काढून हॅब बांधायचा, म्हणजे मेलेली माणसं तिथून परत उभी राहतात. सिनेमात कुणी दाखवत नाही असलं काम, अंधारात मागच्या रस्त्यानं ट्रक हाणत बसायचं, पण मॅच इथंच जिंकतात किंवा घालवतात. प्रत्येक टीमकडं ठरावीक तिकिटं असतात, ती संपली की हरलात; एक माणूस मेला की एक तिकीट जातं, शत्रूनं रेडिओ उखडला की एका झटक्यात वीस. म्हणून कुणीतरी त्या रेडिओपाशी गप बसून राहावंच लागतं आणि ते काम कुणालाच नको असतं. आमचा एक पुणेकर मात्र ते खुशीनं करतो, झुडपात बसून चहा पितो आणि अर्ध्या तासानं हळूच सांगतो, 'दोघे आले होते खणायला, झालं त्यांचं.'

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये मोठा अपडेट आला होता, त्यानंतर धावून आल्या आल्या नेम धरला तर बंदूक नुसती डुलते आणि जवळून गोळ्या गेल्या की डोळ्यासमोर धूसर होतं. जुने खेळाडू ह्यावर लै चिडले होते म्हणे. मला विचाराल तर बरं झालं. आता मशीनगनवाल्यानं कुणाला मारलंच पाहिजे असं नाही, त्यानं नुसतं खिडकीवर मारत राहायचं, आतला मान वर काढत नाही, तेवढ्यात बाकीचे बाजूनं चढतात. कोहाटच्या मॅपवर उघड्या डोंगरउतारावर हे जमलं ना की काय मजा येते, सांगून कळणार नाही.

नव्या माणसानं मेडिक, म्हणजे जखमींना बरं करणारा, व्हावं. पडलेल्याला पट्टी बांधून कुणीही उठवू शकतं पण नीट बरा मेडिकच करतो. आधी स्मोक (धुराचा गोळा) टाक, मग जा, हे मेडिकला ओरडून ओरडून शिकवावं लागतं, कारण मित्र पडला की डायरेक्ट धावायचाच झटका येतो आणि मग एकाच्या जागी दोन पडतात. आणि पडलेल्यानं गिव्ह अपचं (सोडून देऊन मरायचं) बटण दाबायचं नाही, मेडिक येतोय ना, थांब की जरा.

आता तक्रारी. वेळ फार खातो, 'एक मॅच खेळून झोपतो' हे खोटं असतं. आपल्याकडून सिंगापूर किंवा युरोपच्या सर्व्हरवर जावं लागतं बऱ्याचदा, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) चालून जातो पण आमच्याकडचा नेटवाला पावसाळ्यात बरोबर कॅप्चरच्या, म्हणजे ठाणं काबीज करायच्या, वेळी झोपतो. कॉम्प्युटर दणकट लागतो, माझं जुनं ग्राफिक्स कार्ड शहराच्या मॅपवर रडतं. माइक नसेल तर बरेच लीडर स्क्वाडमधून काढून टाकतात, त्यात काही चूक नाही. एकट्यानं अनोळखी लोकांत खेळलात तर नशिबावर, कधी दोन शब्दांत काम सांगणारा भारी लीडर मिळतो, कधी सगळे मुके. आणि भारतीय सैन्य गेममध्ये नाही, अमेरिकन, ब्रिटिश, रशियन, चिनी, तुर्की सगळे आहेत, आपण नाही. ह्याचं वाईट वाटतं राव.

घरचंही सांभाळा. आमच्या जर्मनीवाल्याच्या बायकोनं 'रॅली कुठंय, रॅली कुठंय' (रॅली म्हणजे मेल्यावर परत उभं राहायची तात्पुरती जागा) ऐकून विचारलं, कुठल्या पक्षात शिरलास काय.

अर्मा ३ हा असलाच दुसरा युद्धाचा गेम पण करून बघितला मध्ये, तो अजून खोल आहे, आल्टिसचा मॅप ग्रीसच्या लेम्नोस बेटावरून घेतलाय आणि २७० चौरस किलोमीटर आहे, पण त्यात आपल्याला हवं तसं खेळायचं तर कुणीतरी आधी बसून मिशन तयार करायला लागतं आणि आमच्यात तेवढा रिकामा माणूस नाही.

घेणार असाल तर सेलमध्ये घ्या आणि दोघं-तिघं मिळूनच घ्या. स्टीमवर (गेम विकत घ्यायचं ऑनलाइन दुकान) चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत मिळतात, पण दोन तास म्हणजे इथं जेमतेम दोन मॅच. त्यातला वेळ सेटिंगमध्ये घालवू नका, जेन्सन्स रेंज ह्या सरावाच्या मॅपवर जाऊन बटणं बघून घ्या, मग ज्या स्क्वाडच्या नावात माइक लिहिलंय तिथं मेडिक घेऊन शिरा आणि लीडरला पहिल्याच मिनिटाला सांगा की नवीन आहे. बहुतेकजण सांभाळून घेतात.